सुपातली साल

सुमन बाळाराम जाधव हिला कामावरून काढलं. कधी, तर अनंत चतुर्दशीच्या आधीच्या शुक्रवारी, दुपारची जेवणाची सुट्टी संपून दहा मिनिटं झाली होती तेव्हा. कुठून, तर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातून, जिथे औषधी झाडांचा अर्क काढतात आणि जिथे ती अकरा वर्षं साली, मुळ्या आणि पाला निवडत होती. कागदावर कारण लिहिलं होतं, 'निवडीत निष्काळजीपणा.' सुमन माझी आई. कारण खोटं होतं. ते खोटं आहे हे त्या खोलीत दोघींना माहीत होतं, एक तिला आणि एक मला. आम्ही दोघीही गप्प बसलो.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. वर अन्याय कुणावर झाला ते, मध्ये तारीख-वार, खाली मागणी, एका बाजूला छापून मावलं पाहिजे. आत्मकथन म्हातारपणी लिहितात असं मला प्रकाशकांनीच सांगितलं, आणि मी अजून पस्तिशीतही नाही. पण ही गोष्ट एका पानात मावत नाही. तीनदा बसवून पाहिली. प्रत्येक वेळी जे गाळलं गेलं ते माझं होतं, कंपनीचं नव्हतं. म्हणून इथे सगळं लिहिते. कंपनीचं नाव घालू नको असं वकिलाने सांगितलंय. माझं नाव पुस्तकावर आहेच.

आम्ही घणसोली गावात राहायचो. टॉवरमध्ये नाही, गावात, ताराकाकींच्या घरावर चढवलेल्या दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत. ताराकाकी मूळच्या तिथल्या, जमीन गेली तेव्हा घरावर मजले चढवून भाडेकरू ठेवलेल्या. आम्ही महाडकडचे. आमच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या घराच्या भिंतीला लागायचा, आणि त्या घराच्या मागे कुठेतरी कायम नवीन इमारतीचा पाया ठोकणं चालू असायचं. धप्प, मग थोडा वेळ, मग धप्प. त्या आवाजावर मी पाढे पाठ केलेत. आई संध्याकाळी जिना चढायला लागली की ती दिसायच्या आधी तिचा वास वर यायचा, आणि त्या वासावरून आज कारखान्यात काय आलं होतं ते आम्हाला कळायचं. सुंठीचा दिवस असला की खोलीभर बरं वाटायचं. अडुळशाचा दिवस असला की जुन्या चहासारखा वास यायचा. वेखंडाच्या दिवशी बाबा शिंकत बाहेर जाऊन बसायचे. आणि कुड्याच्या सालीचा दिवस असला की आई पिठाला हात लावायची नाही. चिंचेने, राखेने, साबणाने, कशानेही हात घासले तरी कुड्याचा कडूपणा बोटांतून जात नाही, भाकरीत उतरतो. त्या दिवशी भाकऱ्या मी थापायचे, वेड्यावाकड्या, आणि आई चुलीपासून, म्हणजे गॅसपासून, चार हात लांब बसून सुकट कशी परतायची ते तोंडाने सांगायची.

"काय गो सुमन, आज कुडा हाय वाटतं," ताराकाकी खालून ओरडायच्या. "आमच्या कालवनात नको येवूस, पोरा जेवायची नाय!"

आईची जीभ सगळ्या आळीला माहीत होती. कारखान्यात माल यायचा तो पोत्यांतून, सोललेला, वाळलेला, तुकडे केलेला. झाडावर असताना ओळखायला पान असतं, फूल असतं, शेंग असते. पोत्यात यातलं काही नसतं. पांढऱ्या कुड्याची साल औषधाची, हगवणीवरची, फार कडू. काळ्या कुड्याची साल दिसायला जवळची, पण तिच्यात तो गुण नाही आणि तो कडूपणाही नाही. व्यापारी एकीत दुसरी मिसळतात, कारण दुसरी सोपी मिळते. आई तुकडा मोडायची, मोडताना येणारा आवाज ऐकायची, कडा बघायची, आणि मग जिभेच्या टोकाला लावायची. थुंकायची. ओटीत भाजके चणे असायचे, त्यातले दोन चावायची, जीभ पुन्हा कोरी करायची. मग पुढचा तुकडा. दिवसभर. निवड विभागात सहा बायका होत्या आणि अडलेला तुकडा सगळ्या आईकडे सरकवायच्या.

"नवरा घेताना पन जीभ लावून बघायची व्हतीस गो," ताराकाकी म्हणायच्या.

"लावली असती तर थुंकली असती," बाबा खाटेवरून म्हणायचे, आणि आई हसून पदर तोंडाला लावायची. बाबा खारघरला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होते. भांडण कुणाशी करायचे नाहीत. माझ्यात ते कुठून आलं हा प्रश्न घरात नेहमी निघायचा.

रविवारी आई मला गवळीदेवाच्या डोंगराकडे न्यायची. मे महिन्यात कुडा फुलतो, पांढरी फुलं, आणि ती खुडून आणून कांद्यावर परतली की भाजी होते. थोडी कडवट, पण सवय झाली की दुसरी भाजी नकोशी होते. पिशवी भरता भरता ती शिकवायची. "ही बघ शेंगांची जोडी. दोन शेंगा सुट्या लोंबतात, तो पांढरा. टोकाला एकमेकीला चिकटलेल्या, तो काळा. फुलात मधे झालर दिसली तर काळा. नाय दिसली तर पांढरा." मग चाकूच्या टोकाने सालीचा एवढासा तुकडा काढायची. "लाव." मी लावायचे, तोंड वाकडं करायचे, ती खूश व्हायची. तिला हे तिच्या आईने शिकवलं होतं आणि कुणी त्याला शिक्षण म्हटलं नव्हतं. मीही म्हटलं नाही. मी बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र घेतलं तेव्हा माझ्या मनात होतं की आता मी खरं शिकणार. हे मी लिहिते कारण हे खरं आहे. पत्रकात असली वाक्यं मी घालत नाही.

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प करायचा होता. कॉलेजातल्या बऱ्याच मुलींनी नेटवरून उतरवून दिला. आईने माझ्यासाठी तिच्या कारखान्यातल्या लॅबचे प्रमुख पाटणकर सर यांना विचारलं. विचारलं म्हणजे, तीन दिवस सुट्टीच्या वेळी लॅबच्या दाराबाहेर उभी राहिली, चौथ्या दिवशी ते म्हणाले, "काय मावशी, काय काम काढलंत?" असं करून मला चार महिन्यांची ट्रेनी म्हणून घेतलं. पांढरा कोट दिला. आई निवडीच्या शेडमध्ये, मी काचेच्या आत. काचेतून एकमेकींना दिसायचो. पहिल्या दिवशी तिने शेडमधून हात हलवला. मी इकडे-तिकडे बघितलं आणि मग, छातीजवळ, बोटं हलवली.

लॅबमधलं काम मला मनापासून आवडलं, हेही सांगायला हवं. साल कुटून भुकटी करायची, अमोनियाने ओलसर करायची, क्लोरोफॉर्ममध्ये भिजवायची. झाडात जे अल्कलॉइड असतं ते त्यात उतरतं. मग ते आम्लाच्या पाण्यात ओढून घ्यायचं. त्या पाण्यात एका नारिंगी द्रावणाचे दोन थेंब टाकले की, अल्कलॉइड असेल तर, बघता बघता विटकरी साका खाली बसतो. मला तो साका बघताना दर वेळी वाटायचं की झाडाने तोंड उघडून उत्तर दिलं. घरी येऊन मी आईला हे सगळं सांगायचे आणि ती मान हलवत ऐकायची. "म्हणजे कडूच ना?" ती विचारायची. "कडू म्हणजे अल्कलॉइड असं नसतं गं आई, वेगवेगळं असतं." "हां. पण ह्यात तर तेच ना?" मी कंटाळायचे. ह्यात तेच होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर कुड्याची मोठी गाडी आली. तयार अर्क बाहेर पाठवायचा होता, साल भिजवून अर्क काढायची टाकी रिकामी ठेवलेली, आणि पाटणकर सर सकाळपासून फोनवर "आज चढवतो, आजच चढवतो" करत होते. त्यांनी मला सॅम्पल आणायला शेडमध्ये पाठवलं. पद्धत अशी की वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून घ्यायचं, एकत्र करायचं, मग त्यातलं थोडं तपासायचं. मला ती पद्धत पाठ होती. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. शेडमध्ये गेले तर धुरळा एवढा की डोळे चुरचुरायला लागले. बायका पाण्याला गेल्या होत्या, आईही. आईच्या जागेवर तिचं सूप होतं आणि सुपात साल होती, झाडून, पुसून, एकसारखे तुकडे. मी दोन ओंजळींत ती सगळी उचलली. कोट खराब होणार नाही, एवढाच विचार केला. आणि आईने निवडलेली म्हणजे चांगलीच असणार, असाही. हो, असाही.

आता त्या सुपात काय होतं ते ऐका. आईने सकाळपासून तीन पोती उपसली होती. त्यात बहुतेक साल काळ्या कुड्याची निघाली. जे थोडे तुकडे पांढऱ्याचे सापडले ते तिने सुपात वेगळे ठेवले होते, सरांना नेऊन दाखवायला, की साहेब, तीन पोत्यांत खरी साल बघा एवढीच निघाली. ती माल नापास करायचा पुरावा जमवत होती. तो पुरावा उचलून मी माल पास केला.

साका आला. दाट, विटकरी, इतका छान की मी सरांना बोलावून दाखवला. अल्कलॉइड किती आहे ते मोजायचं तर दोन दिवस लागले असते. "आलाय ना? मग लिही," सर म्हणाले. फॉर्मवर रंग, वास, चव असे रकाने असतात. चवीच्या रकान्यात मी 'कडू' लिहिलं. जीभ लावली नव्हती. लॅबमध्ये कुणीच लावत नसे, सगळेच 'कडू' लिहीत. खाली 'चाचणी करणार' इथे माझी सही, 'मंजूर' इथे त्यांची.

अर्ध्या तासाने आई लॅबच्या दारात आली. चप्पल बाहेर काढून. हातात सालीचा तुकडा, जागेवर न बसता उरलेल्या पोत्यांतून काढलेला. "साहेब, ही पांढऱ्याची नाय. गाडी परत पाठवा."

सर हसले. "मावशी, तुमच्याच लेकीने टेस्ट केलीय. पास आहे. आता घरी जाऊन तिच्याशी भांडा."

आईने माझ्याकडे बघितलं. तिला विश्वास बसत नव्हता, म्हणजे मी खोटं बोलतेय असं नाही, माझ्या त्या काचेच्या नळीत आलं तरी काय असेल, हेच तिला कळत नव्हतं. तिने तुकडा माझ्यापुढे धरला. "लाव जिभेला. तुला समजेल."

लॅबमधली बाकीची दोन पोरं बघत होती. त्यातला एक तोंडावर हात धरून हसत होता. मी म्हटलं, "आई, इथे असं नको ना करूस. जिभेने टेस्ट करायचे दिवस गेले आता." माझा आवाज मला अजून ऐकू येतो. नीट, शुद्ध, कॉलेजातला आवाज.

ती गेली. काचेतून मला दिसलं, जागेवर बसली, सूप ओढलं, आणि थांबली. मग उठून ती शेडच्या दाराशी आली आणि बायकांना विचारलं, मोठ्याने, "माझ्या सुपातली साल कुणी उचलली गं?" कुणीच उचलली नव्हती. तेव्हा मला तिथल्या तिथे सगळं कळलं. फॉर्म टेबलावर होता. साल अजून टाकीत पडली नव्हती. सर दहा पावलांवर होते. मी हातमोजे काढले, धुतले, वाळत घातले.

दोन महिन्यांनी अर्क परत आला. ज्यांनी घेतला होता त्यांनी मोजून बघितला, त्यांना हवं ते त्यात जवळजवळ नव्हतंच. मग चौकशी झाली. चौकशी म्हणजे पाटणकर सर, निवडीच्या बायका ज्याच्यामार्फत लागल्या होत्या त्या ठेकेदाराचा माणूस आणि ऑफिसातले एक साहेब, खुर्च्यांवर. आई उभी. मला बोलावलं.

"सॅम्पल कुठून घेतलंस?" साहेबांनी विचारलं.

"पोत्यांतून," मी म्हटलं. "वरून, मधून, तळातून."

झालं. सॅम्पल पोत्यांतलं आणि पास, म्हणजे माल आला तेव्हा चांगला होता. म्हणजे नंतर कुठेतरी बिघडला. म्हणजे निवडीत. निवडताना चांगला टाकला आणि वाईट ठेवला, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला, आणि निवडीत सगळ्या जिला विचारायच्या ती ही उभी होती. गाडी परत पाठवा असं सांगायला ती लॅबच्या दारात आली होती, हे पाटणकर सरांनी काढलंच नाही. ठेकेदाराचा माणूस तिला म्हणाला, "जीभ म्हातारी झाली मावशी तुमची." आईचं तोंड लाल झालं. ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीकडे बघत होती. "काय म्हणायचंय का तुम्हाला?" साहेबांनी विचारलं. ती जरा थांबली. तेवढ्यात मी बोलायला हवं होतं. "नाय," आई म्हणाली. मला सर्टिफिकेट मिळालं. प्रकल्पाला वर्गात पहिला नंबर.

घरी जाताना आम्ही दोघी रिक्षात बसलो, जे कधी करायचो नाही. गणपतीचे दिवस, गावात स्पीकर, रस्ता तुंबलेला. खाली ताराकाकींनी आम्हाला लवकर आलेलं बघितलं. "काय झाला गो?" "सुट्टी," आई म्हणाली. वर जाऊन तिने परात काढली, पीठ मळलं. हात कडू नव्हते त्या दिवशी. पुढेही कधी नव्हते.

तिने मग खारघरला एका टॉवरमध्ये जिने पुसायचं काम धरलं. अजून तेच करते. अकरा वर्षं जी बाई मोडलेल्या सालीच्या आवाजावरून झाड ओळखायची ती आता फिनेलच्या वासात असते, आणि मला सांगते की तिला हल्ली अडुळसा आणि वेखंड यांच्या वासातला फरकही लांबून सांगता येत नाही. खरं की मला चिडवते, कळत नाही. मी वही घेऊन बसले एकदा, म्हटलं, तुला येतं ते सगळं सांग, लिहून ठेवते. तिने तीन झाडं सांगितली. मग म्हणाली, "लिहून जीभ येते का?" आणि टीव्ही लावला. डोंगराकडे आता ती येत नाही. मी एकटी गेले तर कुडा दिसतो, फुलं खुडत नाही.

मी मात्र चळवळीत गेले. निवडणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या, ठेक्यावरच्या बायकांसाठी मी पत्रकं लिहिते, गेटवर उभी राहते, ओरडते. लोक म्हणतात, ताई, तुमच्यात आग आहे. आग नाही ती. त्या पट्ट्यातल्या एकाही कारखान्याने आजवर आमचं ऐकून एकाही निवड करणाऱ्या बाईचं नाव तपासणीच्या कागदावर घातलेलं नाही. चवीच्या रकान्यात अजून तसंच, न चाखता, 'कडू' लिहितात.

गेल्या वर्षी मी माझ्याविरुद्ध प्रतिज्ञापत्र केलं. सॅम्पल सुपातलं होतं, मी खोटं बोलले, सही माझी. ते घेऊन कामगार कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी नीट वाचलं, माणूस म्हणून वाईट नव्हत्या. "तुमच्या आई कंपनीच्या नोकर कुठे होत्या? ठेकेदाराच्या होत्या," त्या म्हणाल्या. "तो ठेकेदार आता नाही. आणि मुदत कधीच गेली." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "तुम्ही तेव्हा का नाही बोललात?" कारखान्यात गेले तर पाटणकर सर निवृत्त झालेले, नवीन मॅडम म्हणाल्या की तेवढे जुने फॉर्म ठेवत नाहीत.

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ. ती मेथी निवडत होती. थांबली नाही.

"म्हायती होतं मला," ती म्हणाली. "सूप रिकामं बघितलं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस? त्या दिवशी, सगळ्यांसमोर?"

तिने एक देठ मोडला. "तू बोलशील म्हणून वाट बघत होते."

आणि नंतर किती वर्षं बघत होती हे मी विचारलं नाही. मेथी झाली, तिने ती धुवायला नेली.

हे वाचून मला पत्र लिहू नका. 'ताई, तेव्हा तुम्ही विशीच्या होतात' असं तर मुळीच लिहू नका, तसली पत्रं मला नकोत. मी ज्यांच्यासाठी लिहितेय ते तुम्ही आहात, ज्यांची सही चालते. लॅबमध्ये, बँकेत, शाळेत, दवाखान्यात, कुठेही. तुमच्या सहीमुळे कुणाच्या तरी नावापुढे खोटं कारण लागलंय. ते नाव तुम्हाला आत्ता आठवलंय. पुस्तक इथेच पालथं ठेवा. उद्या ऑफिस उघडलं की पहिल्यांदा साहेबांकडे जा, बसायला सांगितलं तरी बसू नका, आणि चूक कुणाची होती ते तिच्यासमोर, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगा. मुदत अजून गेली नसेल.